लहानपणची छाती, मोठेपणचा दम

मागच्या अंकात मुलांच्या पावसाळी खोकल्याविषयी लिहिले होते. त्यानंतर ठाणे आणि नवी मुंबईतून जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांत खोकल्यापलीकडची काळजी होती: आज मुलाच्या छातीला जे सोसावे लागते आहे, त्याचा काही अंश मोठेपणी मागे उरतो का? या प्रश्नाला गेल्या तीस-चाळीस वर्षांत बरीच ठोस उत्तरे मिळाली आहेत, म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे. पत्रे थोडी आटोपशीर केली असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी ३१व्या आठवड्यात जन्मली. वजन १४०० ग्रॅम होते. पाच आठवडे ती नवजात अतिदक्षता विभागात होती आणि सुरुवातीचे काही दिवस तिच्या नाकाला सीपॅप (नाकावाटे दाबाने हवा देणारे यंत्र) लावले होते. आता ती अडीच वर्षांची आहे, भरपूर खेळते. पण साधी सर्दी झाली तरी तिची छाती भरते आणि दोन वेळा तिला रुग्णालयात ठेवावे लागले. नातेवाईक म्हणतात, ‘कमी दिवसांची मुले पाच वर्षांत सगळे भरून काढतात.’ फुप्फुसेही भरून काढतात का? शिवाय गरोदरपणी मी नोकरीसाठी रोज ऐरोलीहून अंधेरीला जात-येत होते, त्यामुळे तर असे झाले नसेल ना?
— एक आई, ऐरोली

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तो मनात सलत असला की बाकीचे नीट वाचले जात नाही. मुदतपूर्व प्रसूतीचे निश्चित कारण बऱ्याचदा सापडतच नाही, आणि आपण लिहिलेल्या हकिकतीत दोष आपल्या पदरात पडावा असे मला काहीही दिसत नाही. तो विषय इथेच सोडून द्यावा.

आता फुप्फुसांकडे वळू. गर्भ चार आठवड्यांचा होतो तेव्हा अन्नमार्गाच्या भिंतीतून एक बारीकसा कोंब फुटतो. ती फुप्फुसांची सुरुवात. त्या कोंबाला फाटे फुटत जातात आणि १७व्या आठवड्याच्या सुमारास हवा वाहून नेणाऱ्या श्वासवाहिन्यांचा सगळा विस्तार मांडून होतो. पुढे या वाहिन्या लांब आणि रुंद होतात, पण त्यांना नवी फांदी फुटत नाही. २४व्या आठवड्यापासून सरफॅक्टंट नावाचा पातळ थर तयार होऊ लागतो. तो नसेल तर श्वास सोडताना आतल्या पिशव्या ओल्या प्लॅस्टिकसारख्या एकमेकींना चिकटतात. तो पुरेसा होण्यास ३४-३५ आठवडे लागतात. ज्यांतून प्राणवायू रक्तात जातो ते खरे वायुकोश तर साधारण ३६व्या आठवड्यापासून पुढे आणि मुख्यतः जन्मानंतर तयार होतात. प्रौढ माणसात त्यांची संख्या ३० ते ५० कोटींच्या घरात असते. नवजात बाळाकडे त्याचा लहानसाच हिस्सा असतो आणि उरलेल्यांची भर सर्वांत वेगाने पडते ती पहिल्या दोन-तीन वर्षांत.

म्हणजे जे काम गर्भाशयातील द्रवात निवांतपणे व्हायचे होते, ते आपल्या मुलीच्या फुप्फुसांना हवेत, यंत्राच्या दाबाखाली करावे लागले. नातेवाईकांचे म्हणणे वजन आणि उंचीबाबत बऱ्याच अंशी खरे आहे. फुप्फुसांबाबत ते अर्धेच खरे आहे. मुदतपूर्व जन्मलेली मुले शाळेत जाऊ लागल्यावर त्यांच्या फुंकरीची, म्हणजे जोराने सोडलेल्या श्वासाची, मोजणी केली तर ती दिवस भरलेल्या मुलांपेक्षा सरासरीने थोडी कमी भरते. जन्मानंतर महिनाभराहून अधिक काळ ज्यांना प्राणवायू द्यावा लागला, त्यांच्यात हा फरक अधिक असतो. मात्र ही एका मोठ्या गटाची सरासरी आहे आणि त्याच गटात जोरकस फुंकणारी मुलेही पुष्कळ असतात. आपल्या मुलीला सीपॅप थोडेच दिवस लागले, ही जमेची बाजू आहे.

हे सगळे इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे, की फुप्फुसांची क्षमता वयाच्या २० ते २५ वर्षांपर्यंत वाढत जाते आणि नंतर निरोगी माणसातही हळूहळू उतरते. जोराने सोडलेल्या श्वासाच्या पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर पडते, ती दर वर्षी साधारण २५ ते ३० मिलिलिटरने कमी होते. नवी मुंबईकरांना हे वेगळे समजावून द्यायला नको: मे महिन्यात पाणी किती पुरेल, हे सप्टेंबरअखेर मोरबे धरण किती भरले होते त्यावर ठरते. उतारवयातील दम्यासारखा जो जुनाट आजार सीओपीडी म्हणून ओळखला जातो, तो सिगारेटमुळे फुप्फुसे झपाट्याने झिजून होतो, असे आम्ही शिकत आलो. परंतु २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक वर्षे माणसांचा मागोवा घेणाऱ्या एका अभ्यासात असे दिसले की या आजाराच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांची झीज सामान्य वेगानेच झाली होती. त्यांची क्षमता चाळिशीच्या आतच कमी होती; धरण मुळात पूर्ण भरलेलेच नव्हते.

आपल्या मुलीचे धरण अजून भरते आहे, आणि पुढची वीस वर्षे भरत राहणार आहे. या काळात छातीच्या जंतुसंसर्गाचे प्रसंग जितके टाळता येतील तितके टाळावेत. न्यूमोकोकल लस सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ पासून देशभर दिली जाते. ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिने अशा तिच्या तीन मात्रा असतात. अतिदक्षता विभागातील गडबडीत मुदतपूर्व बाळांची एखादी मात्रा मागे राहून गेल्याचे मी अनेकदा पाहिले आहे, म्हणून लसीकरणाचे कार्ड काढून आजच पाहावे. गोवराच्या दोन्ही मात्रा झाल्या आहेत ना, तेही तपासावे. फ्लूची लस सहा महिन्यांच्या वयानंतर दर वर्षी देता येते. अशा मुलीला ती द्यावीच, आणि पावसाळ्याच्या तोंडावर द्यावी.

छाती भरली असता घाबरून जाण्याऐवजी श्वास मोजावेत. मूल शांत असताना किंवा झोपेत, पूर्ण एक मिनिट, घड्याळ समोर ठेवून. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला ४० किंवा त्याहून अधिक भरले, अथवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाऊ लागला, तर त्याच रात्री डॉक्टरांकडे जावे. दोन महिन्यांच्या आतील बाळासाठी हा आकडा ६० आहे आणि दोन महिने ते एक वर्ष या वयासाठी ५०.

मुलगी सहा वर्षांची झाली की एकदा स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून केलेली श्वासाची मोजणी, करून घ्यावी. त्याआधी या वयाच्या मुलांना सांगितल्याप्रमाणे जोराने आणि सलग फुंकणे सहसा जमत नाही. जन्माच्या वेळचे रुग्णालयाचे कागद मात्र जपून ठेवावेत; तिच्या तिसाव्या वर्षी एखादा डॉक्टर ‘तुमचा जन्म कितव्या आठवड्यातला?’ असे विचारील, तेव्हा तिला उत्तर देता आले पाहिजे.

प्रश्न : मला दीड महिन्यापूर्वी नातू झाला. आमच्या घरी बाळाच्या आंघोळीनंतर शेगडीवर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग आणि ऊद टाकून धुरी देण्याची रीत आहे. मालिशवाली बाई टाळू भरते आणि नाकातही तेलाचे दोन थेंब सोडते, म्हणजे नाक मोकळे राहते. सुनेच्या डॉक्टरांनी दोन्ही गोष्टी बंद करायला सांगितल्या आहेत. माझी तिन्ही मुले याच धुरीत वाढली आणि एकालाही दमा नाही. मग यात वाईट ते काय?
— एक आजी, नौपाडा, ठाणे

उत्तर : आजी, आपण सुनेवर रागावण्याऐवजी मला पत्र लिहिलेत, याचा मला आनंद झाला. रीत टाकून द्या असे मी म्हणणार नाही. तिच्यातील धूर तेवढा काढा असे म्हणेन.

धुरीमागचा हेतू समजण्यासारखा आहे. जुन्या घरांतील न्हाणीघरे थंड आणि ओलसर असत, आंघोळीनंतर बाळ गारठत असे, आणि शेगडीची ऊब त्याला हवीच असे. आज सदनिकेतील बंद खोलीत तीच शेगडी ठेवली की ऊब आणि धूर दोन्ही कोंडले जातात. ओवा असो, ऊद असो किंवा चंदन असो, जळताना त्याचे इतके सूक्ष्म कण होतात की ते नाकातील केसांना आणि चिकट थराला चुकवून थेट वायुकोशांपर्यंत जातात. पेटत्या कोळशातून त्यात कार्बन मोनॉक्साइडची भर पडते. मोठी माणसे मिनिटाला १२ ते २० श्वास घेतात आणि दीड महिन्याचे बाळ ४०-५० घेते, त्यामुळे वजनाच्या मानाने त्याच्या वाट्याला आपल्या कितीतरी पट धूर येतो. शिवाय आधी सांगितले त्याप्रमाणे त्याचे वायुकोश याच महिन्यांत घडत असतात. धूर बाळाला निरोगी ठेवतो की नाही यावर वाद घालण्याची गरजच पडत नाही, कारण ऊब देण्याची कितीतरी साधने आज घरात आहेत: पंखा बंद करावा, अंग आणि जावळ लगेच कोरडे करावे, सुती दुपट्ट्यात गुंडाळून आईच्या उराशी द्यावे.

तेलाची गोष्ट मला धुरीहून अधिक गंभीर वाटते. नाकात पाणी गेले तर बाळ शिंकते, ठसकते. तेल गेले तर पुष्कळदा काहीच होत नाही, कारण त्याने ठसका लागत नाही. ते गुपचूप घशामागून श्वासनलिकेत आणि तिथून फुप्फुसात उतरते. तिथे त्याचा निचरा करणाऱ्या पेशींना ते पचत नाही आणि आठवड्यांमागून आठवडे साचत गेले की एक वेगळ्याच प्रकारचा न्यूमोनिया होतो, जो प्रतिजैविकांनी हटत नाही. अशी बाळे मी पाहिली आहेत, आणि प्रत्येक वेळी घरच्यांनी ‘नाक साफ राहावे म्हणून’ असेच सांगितले आहे. नाक चोंदले तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब औषधाच्या दुकानात मिळतात, ते पुरेसे आहेत. टाळूवर तेल लावायला हरकत नाही, मालिशही चालू ठेवा. मात्र आंघोळीनंतर पावडरीचा डबा बाळाच्या तोंडावर झटकू नये, कारण तीही श्वासाबरोबर आत जाते. गुटीही पहिले सहा महिने नको. या काळात निव्वळ आईचे दूध द्यावे, कारण अंगावर पिणाऱ्या बाळांना छातीचे गंभीर संसर्ग कमी होतात, हे देशोदेशी दिसून आले आहे. शिवाय आडव्या बाळाचे नाक दाबून चमच्याने काही पाजणे म्हणजे ते चुकीच्या वाटेने जाण्याला आमंत्रणच होय.

आता आपल्या तिन्ही मुलांविषयी. ती निरोगी आहेत ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्या काळी आपल्याच आळीत किती तान्ही बाळे ‘छाती भरून’ गेली, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक आठवत असेल. ती धुरीमुळेच गेली असे मी म्हणत नाही. दाखला द्यायला मात्र जगलेली मुलेच समोर असतात, एवढेच लक्षात आणून द्यायचे आहे.

प्रश्न : आमच्या चाळीमागे नाला असल्यामुळे बारा महिने डास असतात. बाळ आठ महिन्यांचे आहे. कॉइल लावावी की न लावता डेंग्यूची भीती पत्करावी?
— एक वडील, कळवा

उत्तर : दोन्हीची गरज नाही, मच्छरदाणी लावावी. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीन आणि मलेशियातील कॉइल जाळून पाहिल्या, तेव्हा एका कॉइलमधून निघालेल्या सूक्ष्म कणांचे वजन ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुरातील कणांइतके भरले. बंद खोलीत रात्रभर जळणाऱ्या कॉइलचा हा हिशेब आहे. डेंग्यूचा डास दिवसाही चावतो, म्हणून दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी हवी, खिडक्यांना जाळी हवी आणि पिंप, कुंड्या, फ्रीजमागचा ट्रे आठवड्यातून एकदा कोरडा व्हायला हवा. वीजेवर चालणाऱ्या द्रव औषधाच्या बाटलीतून धूर निघत नाही, त्यामुळे ती कॉइलपेक्षा बरी. तरी बाळ खोलीत नसताना लावून नंतर खोली मोकळी करावी.

प्रश्न : आम्ही घोडबंदर रस्त्याला लागूनच सहाव्या मजल्यावर राहतो. गेली काही वर्षे समोर मेट्रोचे काम, मागे दोन टॉवर आणि रात्रभर अवजड वाहने अशी परिस्थिती आहे. सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येते. मुले चार आणि नऊ वर्षांची आहेत. घर विकून आतल्या भागात जावे का? की एअर प्युरिफायर घेतला तर भागेल?
— एक दांपत्य, कासारवडवली

उत्तर : टेबलावरची जी धूळ दिसते, ती बऱ्याच अंशी जाड असते आणि नाकातच अडते. काळजी करायची ती न दिसणाऱ्या कणांची, म्हणजे पीएम २.५ची, जे डिझेलच्या आणि जळणाऱ्या कचऱ्याच्या धुरात भरपूर असतात. आपल्या देशाने त्यांची वार्षिक मर्यादा हवेच्या घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम ठरवली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५वर आणली. या दोन आकड्यांतील अंतर पाहिले की ‘हवा मर्यादेत आहे’ या वाक्यावर किती विसंबावे, हे आपले आपल्याला ठरवता येईल. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला, तेव्हा मर्यादा ओलांडणाऱ्या शहरांच्या पहिल्याच यादीत खाडीपलीकडची नवी मुंबई होती.

मुलांच्या फुप्फुसांवर याचा काय परिणाम होतो, याचा सर्वांत नेटका अभ्यास दक्षिण कॅलिफोर्नियातील बारा वस्त्यांमध्ये झाला. तिथे मुलांची फुंकर दहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत दर वर्षी मोजली. २००४ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा सर्वांत प्रदूषित वस्तीत क्षमता लक्षणीय कमी असलेल्या अठरा वर्षांच्या मुलांचे प्रमाण ७.९ टक्के होते आणि सर्वांत स्वच्छ वस्तीत १.६ टक्के. पुढे २००७ मध्ये असेही दिसले की महामार्गापासून ५०० मीटरच्या आत राहणाऱ्या मुलांची फुप्फुसे १५०० मीटरपलीकडे राहणाऱ्यांच्या मानाने कमी वाढली. परंतु मला यातील सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो २०१५ मधला भाग. दरम्यानच्या वर्षांत तिथली हवा कायद्याच्या बडग्याने सुधारली होती, आणि नंतरच्या तुकडीतील मुलांमध्ये कमी क्षमतेचे प्रमाण निम्म्यावर आले होते. कोणी घर बदलले नव्हते, कोणी औषध घेतले नव्हते.

तेव्हा घर विकावे का? आपली सोय असेल आणि निर्णय तसाही विचाराधीन असेल, तर मुख्य रस्त्यापासून पाचशे मीटर आत जाणे हे सात मजले वर जाण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे. परंतु त्यासाठी कर्ज दुप्पट होणार असेल किंवा मुलांना रोज दीड तास बसमध्ये त्याच रस्त्यावर काढावा लागणार असेल, तर ते करू नये. आहे त्या घरातही बरेच करता येते. आपल्याकडे पावसाळा हवा धुऊन काढतो आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत ती सर्वांत वाईट असते. या दिवसांत पहाटे जमिनीलगत थंड हवेचा थर साचून राहतो आणि धूर त्याखाली अडकतो; दुपारी वारा सुटला की तो पांगतो. म्हणून हिवाळ्यात रस्त्याकडच्या खिडक्या सकाळी बंद ठेवून दुपारी उघडाव्यात आणि धावण्याचा सराव पहाटेऐवजी संध्याकाळी लवकर ठेवावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ या ॲपवर जवळच्या केंद्राची नोंद पाहता येते. शाळेत चालत जायचे असल्यास पाच मिनिटे जास्त लागली तरी आतल्या गल्लीने जावे.

एअर प्युरिफायर ज्या खोलीत दारे-खिडक्या बंद करून चालवाल, त्या खोलीपुरताच उपयोगी पडतो. मुले झोपतात त्या खोलीत हेपा फिल्टर (सूक्ष्म कण अडवणारी गाळणी) असलेले यंत्र रात्री चालवणे व्यर्थ नाही. मात्र ओझोन सोडणारे यंत्र घेऊ नये. आणि ते घेण्यापूर्वी त्या खोलीची भिंत पाहावी. ठाण्यातील किती तरी इमारतींत पावसाळ्यात भिंतीला ओल येते, कपाटामागे काळी बुरशी धरते आणि तिच्यावर रंगाचा हात फिरवून दिवाळी साजरी होते. बुरशी असलेल्या खोलीत वाढणाऱ्या मुलांना घरघर आणि दमा होण्याचा धोका अधिक असतो. बाहेरून गळती बुजवण्याचा खर्च यंत्राच्या खर्चाआधी करावा. बाल्कनीत कबुतरांना दाणे टाकत असाल तर तेही थांबवावे. त्यांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ क्वचित काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा करते.

आणि मागच्या टॉवरच्या बांधकामाला हिरवी जाळी आहे का, मातीवर पाणी मारतात का, मजूर रात्री कचरा जाळतात का, याची तक्रार सोसायटीच्या लेटरहेडवर सर्वांच्या सह्यांनिशी महापालिकेकडे द्यावी. कॅलिफोर्नियातील मुलांना जे लाभले ते याच वाटेने लाभले.

प्रश्न : मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. पहिल्या वाढदिवसापासून पाच-सहा वेळा छातीत घरघर होऊन धाप लागली. डॉक्टरांनी ‘पंप’ (इनहेलर) सुरू करायला सांगितले. माझे वडील म्हणतात की पंपाची सवय लागते आणि उंची खुंटते. एवढ्या लहान मुलाला दमा असतो का?
— एक वडील, कोपरखैरणे

उत्तर : असतो, पण घरघर करणाऱ्या प्रत्येक लहान मुलाला नसतो. अमेरिकेतील टूसॉन या शहरात १९८० पासून हजाराहून अधिक बाळांचा जन्मापासून मागोवा घेतला गेला. सहाव्या वर्षापर्यंत जवळजवळ निम्म्या मुलांना एकदा तरी घरघर झाली होती. त्यांतील मोठा गट असा होता, की तीन वर्षांच्या आत घरघर व्हायची आणि सहाव्या वर्षी ती पूर्ण थांबलेली असायची. या मुलांना दमा नव्हताच. त्यांच्या श्वासवाहिन्या जन्मतःच अरुंद होत्या. एकदाही छाती भरण्यापूर्वी, अगदी पहिल्या काही महिन्यांत केलेल्या मोजणीतच ते दिसले होते, आणि त्यांच्या आयांमध्ये गरोदरपणी धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण अधिक होते. आपल्याकडे गरोदर स्त्री सहसा सिगारेट ओढत नाही. मात्र ती शेजारी बसलेल्या नवऱ्याची किंवा सासऱ्यांची विडी ओढतेच, फक्त तिच्या हातात ती नसते. मिश्रीतील तंबाखूचे निकोटिनही वारेतून गर्भापर्यंत पोहोचते.

आपल्या मुलाची घरघर कोणत्या प्रकारची, हे काही गोष्टींवरून अजमावता येते. आई किंवा वडिलांना दमा आहे का? मुलाला त्वचेचा खाजरा इसब आहे का? सर्दी नसतानाही, हसताना, पळताना किंवा पहाटे खोकल्याची उबळ येते का? यांची उत्तरे ‘हो’ असतील तर दम्याची शक्यता वाढते आणि औषध नियमित द्यावे लागते. फक्त सर्दीबरोबरच घरघर होत असेल तर तपासून, काही महिने औषध देऊन, मग थांबवून पाहणे असा क्रम असतो.

आता पंपाविषयी. त्यातील औषध मायक्रोग्रॅममध्ये असते आणि थेट श्वासवाहिन्यांत जाते, म्हणून त्याची मात्रा पातळ औषधाच्या किंवा गोळीच्या मानाने फारच थोडी लागते. सवय औषधाची लागत नाही; आजार असेपर्यंत औषध लागते, एवढेच. उंचीबाबत मात्र आपल्या वडिलांचे म्हणणे अगदीच निराधार नाही, आणि डॉक्टरांनी ते उडवून लावू नये असे मला वाटते. अमेरिकेत चार ते सहा वर्षे रोज स्टेरॉइडचा इनहेलर घेतलेल्या दमेकरी मुलांची प्रौढपणीची उंची, तो न घेतलेल्यांपेक्षा सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. एवढा तोटा नियंत्रणात नसलेल्या दम्याच्या तोट्यापुढे मला मान्य आहे. तरीही मात्रा लागेल तेवढीच, आणि दर तीन महिन्यांनी ती कमी करता येते का, हे विचारत राहावे. या वयात पंप स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) आणि मास्क लावूनच द्यावा. नुसता तोंडात मारलेला फवारा जिभेवरच राहतो. मास्क चेहऱ्याला घट्ट लावून पाच-सहा शांत श्वास होऊ द्यावेत. मूल किंचाळून रडत असताना औषध आत जात नाही, म्हणून दोन दिवस औषधाविना नुसता मास्क खेळायला द्यावा.

प्रश्न : मला नववा महिना लागला आहे. पहिले सिझेरियन असल्यामुळे या वेळीही ते ठरले आहे. गुरुजींनी काढलेला मुहूर्त ३७ आठवडे आणि ३ दिवसांवर येतो. डॉक्टर ३९ आठवड्यांपर्यंत थांबू म्हणतात. दहा-बारा दिवसांनी असा काय फरक पडतो?
— एक वाचक, वाशी

उत्तर : फरक पडतो, आणि तो मोजलेला आहे. डेन्मार्कमधील २००८ च्या एका अभ्यासात कळा सुरू होण्यापूर्वी ठरवून केलेल्या सिझेरियननंतर श्वासाचा त्रास झालेल्या बाळांचे प्रमाण ३७ आठवड्यांना १० टक्के, ३८ला ५.१ टक्के आणि ३९ला २.१ टक्के होते. फुप्फुसांत भरलेला द्रव बाहेर काढण्याची तयारी बाळ शेवटच्या आठवड्यांत आणि कळा सुरू झाल्यावर करते. या दोन्ही गोष्टी चुकल्या की त्याला पहिला दिवस धापा टाकत काढावा लागू शकतो. बहुतेक बाळे यातून बरी होतात. पण आईपासून दूर, काचेच्या पेटीत ठेवण्याची वेळ निव्वळ पंचांगामुळे यावी, हे मला पटत नाही. आईच्या किंवा बाळाच्या प्रकृतीसाठी लवकर प्रसूती करावी लागते, ती गोष्ट निराळी. गुरुजींना ३९व्या आठवड्यानंतरचा मुहूर्त काढायला सांगावे. पंचांगात दिवस पुष्कळ असतात.

प्रश्न : मी १९ वर्षांचा आहे. वर्षाच्या आत मला दोनदा न्यूमोनिया झाला होता, असे आई सांगते. आता काही त्रास नाही. मी मित्रांबरोबर ट्रेकिंग करतो, पण माहुली किल्ल्याच्या चढावर सर्वांत आधी मलाच धाप लागते. माझी फुप्फुसे कायमची कमजोर आहेत का? आमच्या गटात काही जण व्हेप (ई-सिगारेट) वापरतात आणि त्यात धूर नसल्यामुळे अपाय नाही, असे सांगतात.
— एक विद्यार्थी, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : तुमच्या शंकेला एक जुना इतिहास आहे. इंग्लंडमधील हार्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून सुइणी आणि आरोग्यसेविका प्रत्येक बाळाचे जन्मवजन, वर्षाचे वजन आणि आजार वहीत लिहून ठेवत असत. संशोधक डेव्हिड बार्कर यांच्या गटाने त्या वह्या शोधून काढल्या, त्या बाळांना त्यांच्या साठीच्या घरात गाठले आणि त्यांची फुंकर मोजली. १९९१ मध्ये त्यांनी दाखवले की जन्मतः वजन कमी असलेल्या आणि वर्षाच्या आत न्यूमोनिया, ब्राँकायटिस किंवा डांग्या खोकला झालेल्या पुरुषांची क्षमता साठ वर्षांनंतरही कमी होती. ब्रिटनमध्येच १९४६ साली जन्मलेल्यांच्या २०२३ मधील अभ्यासात, दोन वर्षांच्या आत छातीचा संसर्ग झालेल्यांना प्रौढपणी श्वसनविकाराने मृत्यू येण्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट आढळला. दुप्पट म्हणजे मुळात लहान असलेल्या आकड्याच्या दुप्पट, हेही ध्यानात घ्यावे. त्या बालकांपैकी बहुसंख्य लोक श्वसनविकाराने मेले नाहीत.

न्यूमोनियाने तुमची फुप्फुसे कमजोर केली, की मुळात थोड्या लहान फुप्फुसांमुळे न्यूमोनिया झाला, हे मागे वळून सांगता येत नाही; दोन्ही गोष्टी घडतात. तुमची आजची स्थिती मात्र वीस मिनिटांत कळू शकते. स्पायरोमेट्री करून घ्यावी, तीही आधी साधी आणि मग श्वासवाहिन्या रुंदावणारे औषध देऊन पुन्हा. औषधानंतर फुंकर बरीच सुधारली तर तुम्हाला न ओळखलेला दमा असण्याची शक्यता आहे, आणि चढावरची धाप त्यामुळेही लागू शकते. त्यावर उपचार आहेत. आकडे नीट आले तर धाप सरावाच्या अभावाची, किंवा रक्त कमी असल्याची. म्हणून हिमोग्लोबिनही त्याच दिवशी पाहावे.

व्हेपमधून निघते ती वाफ नसते. निकोटिन आणि स्वाद मिसळलेल्या द्रवाचे ते सूक्ष्म थेंब असतात, आणि अनेक स्वादद्रव्ये खाण्यासाठी तपासलेली असतात, श्वासातून घेण्यासाठी नव्हे. आपल्याकडे २०१९ पासून अशा उपकरणांच्या विक्रीवर बंदी आहे, तरीही ती मिळतात हे मला माहीत आहे. तुमच्या वयात फुप्फुसांच्या वाढीची शेवटची काही वर्षे उरली आहेत आणि त्यांत निकोटिन घालण्याचे कारण मला तरी सुचत नाही. माहुलीला जरूर जा, पण तपासणीचा निकाल येईपर्यंत गटात मधोमध चाला आणि धाप लागली की थांबा, असे मित्रांना आधीच सांगून ठेवा.